पसारा आवरू नका

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की अकरा वर्षं ब्रशला हात न लावता काढल्यावर गेल्या वर्षीपासून मी परत चित्रं काढायला लागलेय, आणि तुमच्यापैकी कोणाचं असं सुटलं असेल तर कळवा. मला वाटलं चार-पाच मेल येतील. इतक्या आल्या की संपादकबाई म्हणाल्या, हा महिना यालाच देऊन टाक. तर फ्रेम कुठून करायची, मुलाला कुठल्या क्लासला घालू वगैरे नेहमीचे प्रश्न पुढच्या महिन्यात, आज फक्त सुटलेल्यांचं. नावं गाळलीयेत, गावं ठेवलीयेत.

ताई, मी 43 वर्षांची, बँकेत आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. जे. जे.ला जायचं फार मनात होतं पण घरी कॉमर्स ठरलेलं. तरी लग्नापर्यंत काढत होते, मग नोकरी, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण, 17 वर्षं गेली. मागच्या दिवाळीत बोनस आला तेव्हा हट्टाने आर्टिस्ट क्वालिटीचे वॉटरकलर आणि 300 जीएसएमचे, म्हणजे चांगले जाड, कॉटन पेपर आणले, सगळं मिळून नऊ हजार झाले. ते तसेच कपाटात आहेत. महिन्यातून एकदा काढते, बघते, परत ठेवते. मुलगी म्हणते आई तू त्यांची पूजा करतेस का. काय करू? – डोंबिवली

मुलगी हुशार आहे हो तुमची, तिने अर्धं उत्तर देऊनच टाकलंय.

पहिलं काम सांगते ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल. ते कागद फुल शीट असणार, 22 बाय 30 इंचाचे. त्यातला एक घ्या आणि त्याचे सोळा तुकडे करा. कात्री नको, जाड स्केल दाबून धरा, घडी दोन्ही बाजूंनी नीट मोडा आणि फाडा, कडा छान येतात. एकेक तुकडा साधारण साडेपाच बाय साडेसात इंचाचा होईल. फाडताना पोटात गोळा येईल, माझ्याही आला होता, पण एकदा फाडला की तो नऊ हजारांतला कागद राहत नाही, नुसता कागद होतो. आणि कृपा करून "आधी साध्या ड्रॉइंग पेपरवर सराव करते, मग चांगला वापरीन" असं करू नका, हा सल्ला खूप लोक देतात आणि वॉटरकलरच्या बाबतीत मला तो साफ चुकीचा वाटतो. साधा कागद पाणी लागलं की फुगतो, रंग सरकत नाही, दुसरा हात दिला की खालचा उचलला जातो, आणि तुम्हाला वाटतं आपला हात गेला. हात गेलेला नसतो, कागद वाईट असतो. चांगलाच वापरा, फक्त छोटा.

छोट्यावरून आठवलं. वासुदेव गायतोंडे तुम्हाला माहीत असतील, नागपुरात जन्मले, जे. जे.त शिकले, शांत मोठे कॅनव्हास करणारे. 1984 मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास करणं शरीराला झेपेना. पुढची काही वर्षं त्यांनी काय केलं तर कागदावर शाईने छोटी छोटी कामं केली. नंतर ते परत कॅनव्हासकडे वळलेच. पण मधली ती कागदं नुसता टाइमपास होती असं कोणी म्हणत नाही, आज म्युझियममध्ये लावतात ती. गायतोंड्यांना चालतं तर आपल्याला साडेपाच बाय साडेसात का चालू नये.

आता ए ग्रेड. ही ग्रेड तुमच्या मानगुटीवर बसलीये असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत होतं. आपली पिढी चित्र काढायला शिकलीच परीक्षेत, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, घंटा व्हायच्या आत कागद भरला पाहिजे, स्मरणचित्रात माणसं हवीत म्हणून आपण सगळ्या बायका पाठमोऱ्या काढायचो कारण चेहरे आणि हाताची बोटं जमायची नाहीत (खरं सांगा, तुम्हीही काढल्यात). मग 17 वर्षांनी कागद समोर आला की डोक्यात आपोआप सुपरवायझर फिरायला लागतो. त्यामुळे सुरुवातीला चित्र काढूच नका. पहिले आठ तुकडे फक्त वॉशचे. एक रंग, भरपूर पाणी, वर गडद आणि खाली येता येता फिका. बस. हे चित्र नाही त्यामुळे ते बिघडूही शकत नाही. मग उरलेल्या आठांवर घरातल्या वस्तू, पातेलं, कांदा, चहाचा कप. गेटवे ऑफ इंडिया आणि फोनमधला केरळचा सूर्यास्त एवढ्यात नको.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी परत सुरुवात केली ती स्टीलच्या पेल्याने. पेल्याचं तोंड असं आलं की नवरा म्हणाला कचऱ्याचा डबा छान आलाय. त्याला वाटलं तो कौतुक करतोय. पण गंमत अशी की आठवड्याभरात ते लंबवर्तुळ हाताला परत सापडलं, रेष खरंच लवकर येते, सायकलसारखी. जे लवकर येत नाही ते म्हणजे पाणी. ब्रशमध्ये किती पाणी, कागदावर किती ओल, दुसरा रंग कधी सोडायचा, हे मनगटाला कळायला मला चार-पाच महिने लागले आणि अजूनही पावसाळ्यात फसते. तुमच्या डोंबिवलीत तर जुलैमध्ये वॉश वाळतच नाही, मग घाई होते, घाईत ओल्यावर ओलं जातं आणि चिखल होतो. पंखा लावा, हेअर ड्रायर वापरा, लाज वाटून घेऊ नका. (माझी नागपूरची मैत्रीण एप्रिलमध्ये नेमकी उलटी तक्रार करते, ब्रश उचलेपर्यंत वॉश वाळलेला.)

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. कपाट. तुमचं सामान कपाटात आहे, हाच मला सगळ्यात मोठा अडथळा वाटतो, बोनस, बँक, सासरे हे सगळं नंतर. मीही अकरा वर्षं सगळ्यांना सांगायचे की वेळ मिळत नाही, आणि वेळ मिळायचा हो, रात्री दोन-दोन तास सिरियल बघितल्यात मी. पण माझं चित्रांचं टेबल म्हणजे जेवायचं टेबल. वर्तमानपत्र पसरा, पाणी आणा, ट्यूब काढा, पॅलेट काढा, यात वीस मिनिटं, मग जरा हात बसतोय तोवर कुकरची शिट्टी, आवरा, ताटं घ्यायचीयेत. कोणी येणार असेल तर आदल्या दिवशीपासून आवरा. चित्र काढणं मी कधी सोडलं नाही, मी हे मांडणं-आवरणं सोडलं, आणि त्याबरोबर चित्र गेलं. आपल्या घरांमध्ये बाईचा पसारा दिसला की प्रत्येकाला तो उचलावासा वाटतो, आणि सगळ्यात आधी तिलाच.

गेल्या वर्षी सासूबाईंचं जुनं पायाचं शिलाई मशीन रिकामं पडलेलं होतं, ते झाकण बंद करून खिडकीशी ओढलं. जेमतेम एका ट्रेएवढी जागा. त्यावर पॅलेट कायम उघडं, पाण्याचा डबा भरलेला, कागद टेपने चिकटवलेला, चित्र अर्धवट असेल तर अर्धवटच. ते कोणीही आवरायचं नाही, मी सुद्धा नाही. सकाळी दूध तापेपर्यंत मी तिथे उभी राहून चार फटकारे मारते. महिन्यातून एकदा काढून बघण्यापेक्षा दिवसातून सात मिनिटं, अक्षरशः सात. तुमच्याकडे शिलाई मशीन नसेल तर इस्त्रीचं टेबल असेल, खिडकीचा कट्टा असेल. आज रात्री सामान कपाटातून बाहेर. चित्र काढलं नाही तरी चालेल, सामान आत जायला नको.

2009 ची रंगांची पेटी माळ्यावर सापडली. वॉटरकलर ट्यूब, पोस्टर कलरच्या बाटल्या, ऑइलच्या काही ट्यूब आणि दोन अॅक्रिलिक. ब्रशही आहेत. यातलं काय वापरता येईल? सगळं टाकून नवीन घेऊ का? – सातारा

टाकू नका, आधी निवडून घ्या, तांदूळ निवडतो तसं.

वॉटरकलर दगड झाले असतील तरी जिवंत असतात. त्यात रंगाला बांधून ठेवणारा असतो डिंक, आणि डिंक पाण्यात परत सुटतो. ट्यूब ब्लेडने उभी चिरा, आतली वडी काढून जुन्या पॅलेटच्या खणात ठेवा, वर चार थेंब पाणी, रात्रभर झाकून. सकाळी मऊ झाली की वापरायला घ्या. वास येत असेल किंवा बुरशी असेल तर मात्र सरळ कचऱ्यात.

पोस्टर कलरची बाटली वाळून तडे गेले असतील तर पाणी घालून तो परत होतो खरा, पण बऱ्याचदा खडूसारखा भुरभुरीत होतो, बोट लावलं की हाताला येतो. नातवंडांना द्या. अॅक्रिलिक वाळलं की प्लास्टिक झालं, ते पाण्यात सुटत नाही, टाका. ऑइलचं वेगळं आहे. त्यात जवसाचं तेल असतं आणि ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणजे ट्यूबला हवा लागली नसेल तर 15 वर्षांनीही आतला रंग लोण्यासारखा निघू शकतो. झाकण मात्र हमखास चिकटलेलं असणार. झाकणाची बाजू गरम पाण्यात मिनिटभर धरा, मग फडक्यात पकडून फिरवा. जोर लावून मान पिरगळू नका, ट्यूब कुशीतून फाटते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, क्रिमसनची अख्खी ट्यूब माझ्या पांढऱ्या पडद्यावर उडाली होती, पडदा अजून आहे, पायपुसणं म्हणून.

क्रिमसनचं निघालंच आहे तर एक. तुमची त्या काळची चित्रं खिडकीसमोर टांगलेली असतील तर जाऊन बघा, लाल-गुलाबी फिकं पडलंय का. क्रिमसन लेक, अलिझरिन क्रिमसन ही मंडळी दिसायला देखणी पण उन्हात टिकत नाहीत. नवीन घेताना ट्यूबवर लाइटफास्टनेसची, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो त्याची, खूण बघून घ्या.

ब्रशमध्ये केसांचे जे असतील त्यांना कसर लागलीये का बघा, केस मधूनच कुरतडल्यासारखे दिसतात. नायलॉनच्या वाटेला कसर जात नाही. कडक झालेले कोमट पाण्यात आणि साबणात भिजवा, उकळत्या पाण्यात नको, पत्र्यातला गोंद सुटतो आणि मुंडकं हातात येतं. अॅक्रिलिक लागून दगड झालेला असेल तर स्पिरिटमध्ये बुडवून नशीब बघा.

आणि पेटीत जुने कागद असतील तर एका कोपऱ्यावर ओला ब्रश फिरवून बघा. दमट माळ्यावर कागदाचं सायझिंग (पाणी एकदम पिऊ न देणारी खळ) मरतं, मग तो टिपकागदासारखा रंग पितो आणि मध्येच ठिपके ठिपके उठतात. तसं झालं असेल तर तो पेन्सिलसाठी ठेवा.

नमस्कार मॅडम. मी पेंटर आहे, म्हणजे होतो. दुकानाचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागची चित्रं, मंडळाचे बॅनर 22 वर्षं केले. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम संपलं. एकाने तर अर्धा रंगवलेला बोर्ड थांबवला आणि फ्लेक्स लावला, पैसेही अर्धेच दिले. त्या दिवशी ब्रश ठेवला तो ठेवला. आता किराणा दुकान आहे, मुलगा बघतो. वय 58. मुलगा म्हणतो बाबा आता स्वतःसाठी काढा. निसर्गचित्र काढून बघितलं तर ते बोर्डासारखंच दिसतं. आम्ही काय आर्टिस्ट नाही, पेंटर. जमेल का? – इचलकरंजी

पेंटरदादा, आधी त्या शेवटच्या वाक्यावर बोलू. तुम्ही कोल्हापूरच्या पट्ट्यातले आणि "आम्ही नुसते पेंटर" म्हणता? बाबूराव मिस्त्रींना सगळा महाराष्ट्र कुठल्या नावाने ओळखतो? बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्या माणसाने कॅमेरा तयार केला, सिनेमे काढले, त्याची पोस्टरं स्वतः रंगवली, आणि पेंटर हे नाव शेवटपर्यंत मिरवलं. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, शिडीवर चढून. तेव्हा ही कमी-जास्तीची भाषा आपण सोडून देऊ.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जरा हेवा करत वाचलं, खरं सांगते. दोरी मारून शिरोरेषा सरळ धरणं, फ्लॅट ब्रशने एका दमात "श्री"चं पोट काढणं, हाताखाली काठी घेऊन चार फुटांचं अक्षर न थरथरता ओढणं, हे आमच्या आर्ट स्कूलवाल्यांतल्या शंभरातल्या पाचांनाही येत नाही. तुमचा हात उत्तम आहे. तुमचं निसर्गचित्र बोर्डासारखं दिसतं त्याचं कारण वेगळं आहे. बोर्ड रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवा, म्हणून प्रत्येक कड धारदार, प्रत्येक अक्षराला आउटलाइन, वर शॅडो. ही सवय झाडाला लावली की झाड बोर्ड होतं. निसर्गात निम्म्या कडा हरवलेल्या असतात. डोळे मिचमिचे करून बघा, म्हशीची पाठ आणि मागची सावली कुठे संपते कुठे सुरू होते ते कळत नाही, तिथे रेघ मारायची नाही, दोन्ही रंग ओले असतानाच एकमेकांत जाऊ द्यायचे. एवढंच शिकायचंय तुम्हाला, बाकी सगळं आहे.

सामान म्हणाल तर डब्यातला ऑइलपेंट कागदावर नको, तेल कागदाला खातं. प्लायचा किंवा एमडीएफचा तुकडा घ्या, तुम्हाला सांगायला नकोच, लांबी (पुट्टी) भरा, घासा, आणि अॅक्रिलिकने करा. ब्रश तुमचेच जुने फ्लॅट, चांगले धुऊन.

पण निसर्गचित्रच का हो? कोणी सांगितलं चित्र म्हणजे डोंगर, नदी, झोपडी? माझं ऐका. मोटारसायकल काढा आणि तुमच्या हातची एखादी जुनी भिंत शोधा. कुठेतरी असेलच, गावाबाहेर, एसटी स्टँडमागे, खताची नाहीतर सिमेंटची जाहिरात, पोपडे उडालेले, निम्मं अक्षर गेलेलं, त्यावर कोणीतरी पत्रक चिकटवलेलं, खाली गवत. त्या भिंतीचं चित्र काढा. अक्षर तुमच्या हातचं आहे, ते कसं ओढलं होतं हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि ते आता कसं उडालंय ते समोर दिसतंय. सरळ धार आणि हरवलेली कड दोन्ही एकाच भिंतीवर मिळतील. झालं की फोटो पाठवा. पाठवाच, हे मी सगळ्यांना नाही म्हणत.

घरात वनबीएचके, लहान बाळ. आधी ऑइलमध्ये काम करायचो, आता टर्पेंटाइनच्या वासावरून बायको ओरडते. ऑइल सोडू का? – विरार

बायको बरोबर ओरडतेय. बाळ असलेल्या बंद खोलीत टर्पेंटाइन उघडं ठेवू नका. सध्या अॅक्रिलिक किंवा गुवाश (अपारदर्शक वॉटरकलर) करा, पाण्यात मिसळणारे ऑइल कलरही मिळतात. आणि ऑइल केलंच तर एक गोष्ट लक्षात ठेवा, तेल पुसलेली फडकी चुरगाळून डस्टबिनमध्ये टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि फडक्याच्या गोळ्यात ती उष्णता कोंडून आपोआप पेट घेऊ शकते. सपाट पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. ही कलाकारांनी घाबरवायला रचलेली गोष्ट नाही, खरं आहे.

आयपॅडवर काढलं तर ते चित्र काढणं परत सुरू केलं असं म्हणता येईल का? – बेंगळुरू

येईल की. कोणाला विचारायचंय? पसारा होत नाही हा त्याचा मोठा फायदा. फक्त पहिले दोन महिने अनडू वापरायचं नाही असं ठरवून बघा, हाताला परिणाम भोगायची सवय लागते. मला स्वतःला काचेवर पेन सरकतो ते आवडत नाही, पण ती माझी अडचण.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक, वय 71. शाळा सुटल्यावर ब्रश ठेवला होता. या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि डोळे उघडताच पुन्हा रंगवावंसं वाटू लागलं. पण एक विचित्र गोष्ट झाली आहे. माझी शेवटची दहा-बारा चित्रं मला आता पिवळट, मातकट दिसतात. ती तशी केल्याचं आठवत नाही. निळा तर डोळ्यांत घुसतो. मी इतकी वर्षं चुकीचं रंगवत होतो काय? – वाई

सर, चुकीचं नाही, तुम्ही जे दिसत होतं ते रंगवत होतात. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळं-तपकिरी होत जातं, आणि ते इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही, चहाचा डाग पडलेल्या गाळणीसारखं. निळा त्यात अडतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवं बसवलं की निळा एकदम आत येतो. जुन्या चित्रांवर तेव्हा हात कुठे कमी-जास्त पडला ते आता स्वच्छ दिसतंय इतकंच.

यात तुम्हाला सोबत मोठी आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने, पाण्यातल्या कमळांवाले, यांना हाच त्रास होता. रंग ओळखू येईनात म्हणून ते ट्यूबवरची लेबलं वाचून आणि पॅलेटवर रंगांची जागा ठरवून ठेवून रंगवायचे. त्या काळातली त्यांची बागेची चित्रं लालभडक-तपकिरी आहेत. 1923 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नंतर सगळं फार निळं दिसतंय म्हणून ते वैतागले होते, आणि तरी पुढे रंगवत राहिले.

जुनी चित्रं "सुधारायला" घेऊ नका, हात शिवशिवेल पण नको. त्यांच्या मागे साल लिहून ठेवा. त्यातलंच एक निवडा आणि तोच विषय आजच्या डोळ्यांनी नव्या कागदावर करा, दोन्ही शेजारी टांगा. मला स्वतःला हे बघायला फार आवडेल, वाईचा घाट आधी आणि नंतर. बाकी डॉक्टरांनी फायनल नंबर दिल्याशिवाय बारीक काम करू नका आणि चष्मा करताना त्यांना सांगा की बोर्ड डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर असतो, वाचायचा नंबर त्या अंतराला पुरत नाही. संध्याकाळी दिव्याखाली काम करत असाल तर पिवळा बल्ब काढा, पांढरा, चांगल्या सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) एलईडी लावा, 90 च्या वरचा. निळा डोळ्यांत घुसतोय ते आपोआप कमी होईल, मेंदूला सवय होते. नाहीच झालं तर डॉक्टरांना विचारा, मला नको.

माझी आई 65 ची होईल. लग्नाआधी ती सुंदर चित्रं काढायची, हॉलमध्ये तिचं 1982 चं एक चित्र अजून आहे, बैलगाडीचं. नंतर कधीच काढलं नाही. वाढदिवसाला तिला इझल, कॅनव्हास, रंगांचा मोठा सेट आणि क्लासची फी असं सरप्राइज द्यायचा प्लॅन आहे. कुठला सेट घेऊ? – पुणे

थांब रे बाबा. (तू म्हणतेय, आईच्या वयाची आहे मी जवळजवळ.)

कल्पना गोड आहे, पण वाढदिवसाच्या दिवशी वीस पाहुण्यांसमोर तिच्या हातात इझल दिलंस तर ती छान म्हणेल, सगळ्यांना केक देईल आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं दिवाणात नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवेल. वर डोंबिवलीच्या ताईंचं पत्र आहे ते वाच. त्यांनी तर स्वतःच्या पैशाने आणलंय, तरी कपाटात आहे. 43 वर्षांनी हात लावायचा आणि तोही मुलाने खर्च केलाय म्हणून चांगलंच यायला हवं, हे ओझं कशाला?

आधी एक सांग, ते बैलगाडीचं चित्र कुठे बसून काढलं होतं, कोणाची गाडी होती, हे तू तिला कधी विचारलंयस? विचार. संध्याकाळी, एकटी असताना, चित्र भिंतीवरून खाली काढून. मागे काही लिहिलेलं असेल तर वाचायला लाव. ती बोलायला लागली की तुला कळेल तिला रंगांचं आठवतंय की पेन्सिलचं, की तिला तो विषयच नकोय. नकोही असेल, तेही चालतं. प्रत्येक आईने परत चित्रं काढायलाच हवीत असा काही कायदा नाही.

आणि तिला हवं असेल तर सेट नंतर, आधी जागा दे. तुमच्या घरात खिडकीजवळ एखादं टेबल असेल, त्यावर बहुतेक तुझा लॅपटॉप असेल. तो उचल. दुसरं, वेळ. तिचे सकाळचे दोन तास कशात जातात ते बघ आणि त्यातलं एक काम कायमचं स्वतःकडे घे, वाढदिवसापुरतं नको. रंग म्हणशील तर बारा वड्यांचा साधा वॉटरकलर केकचा डबा, एक गोल ब्रश, हातात मावेल एवढी जाड कागदाची वही. एवढंच टेबलावर ठेवून दे, गिफ्ट पेपर न लावता.

मग काही दिवस तिथे नुसती वही उघडी दिसेल, कदाचित महिनाभर. विचारू नकोस "आई काढलं का". एखाद्या दिवशी बेसिनवर चहाच्या कपात बुडवलेला ब्रश सापडेल, पाणी गढूळ. तो कप घासायला टाकू नकोस, आणि कामाच्या मावशींनाही सांगून ठेव.